एकाही उंदराने पेट घेतला नाही

शरीराला कुठे इजा झाली की शरीर सगळ्यात आधी एक समिती नेमतं. वैद्यकशास्त्रात तिला दाह म्हणतात. समितीचे सदस्य रक्तातून धावत येतात, जखमेभोवती ठाण मांडतात, जंतू मारतात, घाण उपसतात. इथवर त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण काम संपलं तरी ते उठत नाहीत, आणि हातांना चाळा हवा म्हणून शेजारून जाणाऱ्या निरपराध मज्जातंतूला धरून बडवू लागतात. अशी समिती बसली आहे हे ओळखायच्या पाच खुणा जुन्या वैद्यांनी लिहून ठेवल्या आहेत: लाली, ऊब, सूज, वेदना आणि काम बंद पडणं. (शेवटची खूण सर्वांत भरवशाची.)

या समितीला घरी कसं पाठवावं यावर उंदीरबाईंनी नऊ वर्षं घालवली होती. (त्यांचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटावर होतं, पण तो कुणी वाचत नसे.) त्यांची पहिली सोळा औषधं फसली. ती सगळी समितीशी भांडायला जात, आणि भांडण म्हटलं की समितीला नवा हुरूप येई. सतरावं औषध स्वभावाने वेगळं निघालं. ते पेशींना फक्त एवढंच कळवी की काम झालं, आता या. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी हे ऐकून खरोखर शांत झाल्या. आता ते उंदरांवर करून पाहायचं होतं. सहा आठवडे वयाचे चाळीस उंदीर येऊन बसले होते. ते बारा आठवड्यांचे व्हायच्या आत प्रयोग सुरू झाला नाही, तर आधीच्या दोन वर्षांच्या मोजमापांशी काहीच जुळणार नव्हतं, आणि सतरावं औषध उरलेल्या सोळांशेजारी कपाटात जाणार होतं.

बाईंच्या घाईला घरचंही कारण होतं. त्यांचे बाबा घड्याळं दुरुस्त करत, आणि वर्षभरापासून मज्जातंतूंच्या दाहाने त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती.

"स्क्रू चिमटीत आहे की पडला, हे मला आता बघून कळतं," ते म्हणत. "तुझं कुठवर आलं?"

"एक सही राहिलीय, बाबा."

"मग झालंच की," बाबा म्हणत. त्यांनी आयुष्यात कधी नोकरी केली नव्हती.

त्याच सुमारास संस्थेने सर्व अर्ज आपल्या भाषेत करायचा नियम काढला. नियम उत्तम होता. बाईंनी विषय लिहिला: 'दाहापासून मज्जातंतूंचे संरक्षण: चाळीस उंदरांवर प्रयोग'. आवक कारकुनाकडे कोणता शब्द आला की कागद कोणत्या टेबलावर टाकायचा याचा तक्ता होता. त्यात 'दाह' नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने कागद खणात टाकला असता, पण हे गृहस्थ कर्तव्यदक्ष. त्यांनी शब्दकोश काढला. दाह म्हणजे जळणे, आग. पुढे 'संरक्षण' होतंच. कागद अग्निसुरक्षा विभागात गेला.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं म्हणतात. पण त्या म्हणीत निदान आग तरी असते.

अग्निसुरक्षा अधिकारी तिसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत हजर झाले. बावीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी आपण होऊन अर्ज केला नव्हता, त्यामुळे त्यांना भरून आलं होतं.

"बाई, चाळीस जीव एका खोलीत, आणि दार एकच?"

"अहो, तो दाह नव्हे हा. हा शरीराच्या आतला."

"आतून लागलेली आगच वाईट," अधिकारी म्हणाले. "धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

शास्त्रीयदृष्ट्या हे इतकं बिनचूक होतं की बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

आठवड्याभरात वाळूच्या चार बालद्या आल्या, 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी आली (पिंजऱ्यावर, उंदरांच्या नजरेला येईल अशा उंचीवर), आणि सात सदस्यांची दाह-प्रतिबंध समिती आली. अध्यक्षपदी ग्रंथपालांना नेमलं, कारण सर्वांत आधी कागद पेटतो. समितीचं कामकाज चालू असेपर्यंत प्रयोग स्थगित ठेवण्यात आला. बाईंनी शब्दाचा खुलासा करणारं पत्र दिलं, तेव्हा खुलासा तपासायला दोन सदस्य वाढवले. दुसरं पत्र दिलं, तेव्हा चार वाढवले. तिसरं त्यांनी दिलं नाही.

त्याऐवजी त्या सवयीने वहीत नोंदी करू लागल्या. समितीचे फाइलवरचे शेरे लाल शाईत. फाइल सात पानांची होती, ती फुगून दोनशे चाळीस पानांची झाली. वाळू नदीची असावी की समुद्राची यावर चौथी बैठक चांगलीच तापली. नऊ बैठकांत 'उंदीर' हा शब्द तीनदा आला आणि चहा एकशे सतरा वेळा. दुखतंय कुठे, तर बाईंच्या मानेत. काम बंद. पाचही खुणा जुळल्याचं पाहून त्यांना थोडा शास्त्रीय आनंद झाला, मग रडू आलं. उंदीर अकरा आठवड्यांचे झाले होते.

त्या बाबांच्या दुकानात जाऊन बसल्या.

"गिऱ्हाईक उठत नसलं तर तुम्ही काय करता हो?"

"घड्याळाकडे बघितलं तर जास्तच टेकून बसतात," बाबा म्हणाले. "वाद घातला तर जेवायलाच थांबतील. मी म्हणतो, साहेब, तुम्ही खूण सांगितलीत म्हणून घड्याळ चालू झालं. लगेच उठतात. चार लोकांना सांगायचं असतं ना."

 नऊ वर्षं आणि सोळा औषधं गेल्यावर बाईंना जे सापडलं होतं, ते बाप गल्ल्यावर बसून रोज वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना पत्र दिलं: 'समितीच्या अथक दक्षतेमुळे संपूर्ण कालावधीत एकाही उंदराने पेट घेतला नाही. कार्य शंभर टक्के यशस्वी झाल्याबद्दल आभार. प्रमाणपत्रे तयार आहेत. समूहफोटो गुरुवारी.' बुधवारी समितीची अखेरची बैठक झाली. ती अकरा मिनिटं चालली आणि सगळ्या सह्या झाल्या. गुरुवारी तेराही सदस्य इस्त्रीच्या कपड्यांत आले. अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांनी फोटोत एक बालदी घेतली.

उंदीर त्या दिवशी अकरा आठवडे आणि पाच दिवसांचे होते. प्रयोग झाला. सतराव्या औषधाने नसा वाचल्या, आणि उंदीर पायाला गुदगुल्या केल्या की पाय मागे घेऊ लागले. माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षं लागतील, हे बाईंनी बाबांना स्पष्ट सांगितलं.

"चालेल," बाबा बोटं चोळत म्हणाले. "मी काही तोवर पेट घेत नाही."

तो फोटो आता तेरा घरांच्या भिंतींवर आहे, आणि तेराही घरांत पाहुण्यांना बैजवार समजावून सांगितला जातो. तुमच्याही घरी असा एखादा असेल. मधल्या खुर्चीत तुम्ही, हातात प्रमाणपत्र, खाली 'मोलाच्या योगदानाबद्दल'. त्यावरची तारीख एकदा पाहा, आणि त्या तारखेनंतर तिथली कामं किती भराभर झाली याची चौकशी करा.

ही गोष्टही तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत म्हणूनच पुरी झाली. आपले मनापासून आभार.