टेंभरे पंच आणि मडावीचा पाय

गोंदिया स्टेशनात गाडी येताना फलाटावरच्या पिवळ्या रेषेवर कुणाचा पाय पडला, की टेंभरे पंच हात वर करून ओरडतात, "बाद!" माणूस दचकून मागे सरकतो. एकदा एकानं विचारलं, "चाचा, आप रेल्वे में हो क्या?" पंच म्हणाले, "नहीं. कबड्डी में हूँ." आणि पुढच्या पायाकडे वळले.

तसे ते आमच्या शाळेत खेळाचे मास्तर. मी तिथंच मराठी शिकवतो, आणि गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत आमची घरंही शेजारी-शेजारी आहेत. पण शाळा हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा पंचगिरी. धान कापून झालं की गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत टेंभरे शनिवार-रविवार घरी सापडत नाहीत. तीस वर्षं हेच चाललंय. माझ्याकडे स्कूटर आहे आणि अक्षर बरं आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला गुणलेखक करून टाकलं. म्हणजे मी वही घेऊन टेबलाशी बसायचं आणि त्यांच्या वाट्याच्या निम्म्या शिव्या खायच्या.

शिव्यांचं त्यांना काही वाटत नाही. "शिव्या देऊन राहिले म्हणजे लोक सामना पाहून राहिले जी," म्हणतात. कप्तान पाया पडो की सरपंच डोळे वटारो, त्यांचं उत्तर ठरलेलं: "दिसलं तेच देलो." एका गावात या उत्तरावर लोक काठ्या घेऊन उठले. आम्ही तुरीच्या शेतातून पळालो. मी वही काखेत मारून धावतोय, आणि हे पळता पळता मला सांगून राहिले, "मास्तर, तुमी तिसऱ्या चढाईचा बोनस लिवला नाई."

घरीही तेच. माझ्या बायकोनं अंगणात खाटेवर वड्या वाळत घातल्या. खाट चार बोटं त्यांच्या हद्दीत गेली. हे आतून फक्कीचा डबा घेऊन आले, मैदान आखायची पांढरी भुकटी असते ती, आणि खाटेखालून सरळ रेष ओढली. बायको म्हणाली, "भाऊजी, वड्या हायेत त्या. चढाई नाई करून राहिल्या."

"वहिनी, रेष तं रेष हाय."

संध्याकाळी त्याच वड्यांची भाजी मागायला वाटी घेऊन आले.

असा हा माणूस. मागच्या हिवाळ्यात मात्र वेगळंच घडलं.

इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात मुलींचा अंतिम सामना होता. दरेकशाकडून आलेल्या संघाची कप्तान मडावी नावाची काटकुळी पोरगी होती. तिचा संघ एका गुणानं मागे, आणि शेवटची चढाई तिची. तिनं दोघींना शिवलं, तिसरीच्या हातातून सुटली, मध्यरेषा गाठली. तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या, तेवढ्यात टेंभऱ्यांची शिट्टी. पाय बाजूच्या रेषेबाहेर. बाद.

"गुरुजी, माहा पाय नाई लागला."

"दिसलं तेच देलो."

तिनं पायाची माती झाडली आणि मैदानाबाहेर गेली.

तीन दिवसांनी कुणीतरी त्या चढाईचा व्हिडिओ मला पाठवला. मी शाळेत तो टेंभऱ्यांसमोर धरला. त्यांनी चष्मा पुसून चार वेळा पाहिला. पाय रेषेच्या चांगला वीतभर आत होता.

"मोबाईल खोटा असू शकते का?"

"नाही."

"मंग म्या खोटा," ते म्हणाले. चष्मा काढून हळूच म्हणाले, "मधात एक पोरगी आडवी आली होती जी. मले पाय दिसलाच नाई. अंदाजानं देलो."

रविवारी आम्ही पॅसेंजरनं दरेकशाला उतरलो. तिथून चालत त्या पोरीच्या गावी. मैदानावर सराव चालू होता आणि मडावी कडेला गुडघे छातीशी घेऊन बसली होती. तिच्यापायी सामना गेला म्हणून गावानं दुसरीला कप्तान केलं होतं. टेंभरे थेट मैदानाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. जोरात शिट्टी मारली. पोरी थांबल्या, पारावरची माणसं उठून आली.

"ही पोरगी बाद नोती," ते म्हणाले. "सामना इनंच जिंकला होता. चूक माही होती."

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग ढाल आमाले भेटन का?"

"ढाल नाई भेटत. सामना संपला."

"मंग आले कायले?"

"पोरगी बाद नोती, हे सांगाले."

म्हातारा पाराकडे परत वळला. मडावी मात्र उठली, ओढणी कमरेला बांधली आणि मैदानात शिरली.

या प्रकाराचा बोभाटा जिल्हाभर झाला. पंच चुकतो हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण पंच ते कबूल करतो ही नवी गोष्ट होती. तीस वर्षांत हरलेले सगळे जागे झाले. तिरोड्याहून एका गृहस्थाचा फोन आला. आता नातवंडं आहेत त्यांना, पण म्हणे, "माही बी ती पकड बरोबर होती ना जी? सांगून टाका." आयोजकांनी शहाणपणानं दुसरे पंच शोधले. त्या हंगामात टेंभऱ्यांना पुढं एकही बोलावणं आलं नाही. शनिवारी सकाळी ते पांढरा शर्ट इस्त्री करायचे आणि खुंटीला टांगून ठेवायचे.

मग एक दिवस मडावीचा फोन आला. दोन टोल्यांतल्या, म्हणजे वस्त्यांतल्या, पोरींचा सामना होता, पंच मिळत नव्हता. टेंभरे एकटेच गेले. संध्याकाळी परतले ते सरळ माझ्या दारात.

"कसा झाला सामना?" मी विचारलं.

"चार टायमा भांडली पोरगी माह्यासंग. चारही टायमा मीच बरोबर होतो." चेहरा एकदम खूश. मग आवाज उतरला. "तिच्या मायनं जेवाले थांबवलं. सगळ्या पोरींच्या पंगतीत बसलो. भात दोनदा घेतला."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रायपूरला असते. एकट्यापुरतं रांधून-जेवून त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा रोज पाऊण तासात विझतो, हे मी शेजारी राहून पाहत आलो होतो. त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

ते उंबऱ्याशी घुटमळले.

"पुढल्या रविवारी बी बोलावलं हाय," म्हणाले. "दरेकशाची गाडी सकाळी किती वाजता हाय, जरा पाहून सांगता का?"

जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा या माणसाला तोंडपाठ आहेत. मी त्यांना आत बसवलं, चष्मा शोधला, आणि सावकाश पाहून सांगितलं.