तात्यांची इमानी मोटार

आमचे शेजारी तात्या माणसांना ‘काय बे’ म्हणतात आणि बोटीच्या मोटारीला ‘अहो मालक’. सकाळी धरणाच्या पाण्याकडून त्यांचा आवाज येतो, “उठा आता मालक, लई झोपलात!” नवख्या माणसाला वाटतं, बोटीत कुणी पुढारीच मुक्कामाला आहे.

तात्यांचं रान माजलगाव धरणाच्या पाण्यापलीकडं. रस्त्यानं जायचं तर पार वळसा, म्हणून त्यांनी पत्र्याची बोट केली आणि तिला मागं एक जुनी पेट्रोलची मोटार अडकवली. बटण दाबलं की सुरू व्हायची. यंदा मात्र तिची बॅटरी चार्ज होईना. मोटार पळायची, बॅटरी रिकामीच. मग दोरी ओढून सुरू करायची, आणि तात्यांचा उजवा खांदा तर आधीच कामातून गेलेला. तो आणखी गेला असता तर बोट विकावी लागली असती, आणि बोट गेली की रानही गेलंच.

माझं गावात मोटार वायंडिंगचं दुकान आहे, हा माझा गुन्हा.

“इमान राहिलं न्हाई बे रम्या!” तात्या दुकानात शिरतानाच ओरडले. हा त्यांचा आवडता मंत्र. मिठात, एसटीत, पावसात, कशातच इमान राहिलेलं नाही. “मागं तूच वायर जोडलतीस. तूच खाल्ली माझी बॅटरी!”

मी जोडली होती ती वायर त्यांच्या घरच्या पंख्याची. पण ऐकतो कोण? उन्हात मी मीटर घेऊन बोटीत बसलो. फ्यूज पाहिला, चांगला. मोटारीतून येणारी वायर तपासली, तिच्यात चौदा व्होल्ट येत होते. म्हणजे मोटार तिचं काम करत होती. दोष उरला तो बॅटरीपाशीच. मी बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला हात घातला.

“तिथं हात लावायचा न्हाई.”

“कावून?”

“बॅटरी ठीक हाय. दुसरीकडं बघ.”

मग मी दुसरीकडं बघितलं, पुढच्या रविवारी तिसरीकडं. तात्या बांधावर बसून माझ्या शिक्षणाचा, माझ्या गुरूचा आणि शेवटी माझ्या मीटरचा उद्धार करत होते. माझं डोकं फिरलं. म्हातारा आजार सांगणार, पण नाडी दाखवणार नाही! “सांभाळा तुमचे मालक,” म्हणून मी मीटर आवरला आणि चिडून झाकण उचललंच.

आत बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हळदीकुंकवाचा जाड थर होता. वर वाळलेलं झेंडूचं फूल. खंडेनवमीला आपल्याकडं विळ्या-कोयत्यांसोबत मोटारीचीही पूजा होते, पण इथं टोकांवरच कुंकू थापून वर नारळाचं पाणी सोडलेलं. ते आत मुरून पांढरा खार चढला होता. वीज जाणार कुठून?

“हे कुणी केलं?” मी ओरडलो.

तात्या पहिल्यांदाच हळू बोलले. “तुज्या काकूनं. पुण्याला जायच्या आदी.”

काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, त्याला दोन दसरे उलटले. यंदाही जमायचं नाही, असा त्यांचा निरोप परवाच आला होता. तात्यांनी सगळी बोट धुतली होती, रंगवली होती. तेवढं झाकण मात्र उघडलं नव्हतं.

माझा राग कुठं ठेवावा, मला कळेना. मी मोटार बंद करून खिशातला पॉलिश पेपर पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं. “तूच घास. माज्याच्यानं न्हाई व्हायचं.”

मी टोकं लख्ख केली, नट आवळले. फूल तेवढं त्यांच्या हातात दिलं. दोरी मीच ओढली. बॅटरीवर मीटर चौदाला जाऊन थांबला. तात्यांनी आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घालायला हवा होता. ते खिशातून मोबाईल काढत होते.

“अगं, मोटार पार बंद पडली हाय,” ते चालू मोटारीशेजारी उभे राहून ओरडले. “तुज्या पूजेबिगर चालंना. आवाज? कसला आवाज? ट्रॅक्टर हाय कुणाचा तरी. रम्याला इचार!”

मोबाईल माझ्या हातात आला. इमानाच्या नावानं जन्मभर शिव्या देणारा माणूस मला डोळ्यांनी विनवत होता.

“होय काकू,” मी म्हणालो, “बंदच आहे.”

काकू म्हणाल्या, “पाण्यात ट्रॅक्टर कवापासून चालाय लागलं रे? येते म्हणावं दसऱ्याला. नारळ आणून ठेवा म्हणावं.”

मी निरोप सांगितला. तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग वाकून त्यांनी मोटार बंद केली.

“आता चालती ना! बंद कावून केली?” मी पुन्हा भडकलो.

“तिला बंद हाय म्हणून सांगितलंय बे,” तात्या म्हणाले. “इमान पायजे.”