फुलपाखरांचं म्हातारपण

आमच्या सूनबाईंना माझा पलंग म्हणजे कागद वाळत घालायची जागाच वाटते! लहान मुलांच्या पुस्तकांत किडामुंगी, बेडूक, पाखरं यांची चित्रं काढायचं तिचं काम. चित्र ओलं असलं की ठेवायचं कुठे? सासूच्या पलंगावर! दुपारी जरा पाठ टेकायला जावं, तर उशीवर बेडूक आणि पायथ्याशी मधमाश्या. वर आणखी, "आई, हळू हं, मुंग्या अजून वाळल्या नाहीत!" म्हणजे या घरात मुंग्यांना माझ्यापेक्षा मान!

त्या दिवशी खोलीचं दार अर्धवट उघडून ती म्हणाली, "आई, पंधरा दिवसांत पुस्तक छापायला द्यायचंय. पिटुकलीला हे कच्चं पुस्तक वाचून दाखवाल का? तिला समजतंय की नाही तेही कळेल."

"वाचून दाखवाल का म्हणजे? अगं, मी माणसं वाचते! तुझं पुस्तक काय चीज आहे?"

बोलून गेले खरी. शाळेत मी दुसरी पास, तिसरीला वर्गाच्या दारापर्यंत. साधी अक्षरं माझं ऐकतात. जोडाक्षर दिसलं की मात्र दोघांचं भांडण चाललंय असं समजून मी बाजूने निघून जाते. आणि त्या पानावर तर नुसती हाणामारी! पण नात मांडीवर, पाच वर्षांची, डोळे बशीएवढे केलेले. तिच्या लेखी आजीला सगळं येतं. तिचा हा समज मोडू द्यायचा नाही, मग काहीही होवो!

मग मी चित्रच वाचलं. पानभर एक गोल. वर फुलपाखरू, डावीकडे कोश, खाली हिरवी अळी, उजवीकडे पानावर मण्याएवढं अंडं. मधेमधे गवताची नाजूक पाती. आता गोल कुठून सुरू होतो, हे गोलाला तरी ठाऊक असतं का? मी मोठ्यापासून सुरुवात केली आणि कढईत झारा फिरवते तशी डावीकडे निघाले.

"फुलपाखरू उडून उडून दमलं. मग पंख घडी करून ठेवले आणि पांघरूण ओढून झोपलं. उठलं तेव्हा म्हातारं झालेलं. उडवेना, सरपटायला लागलं. दात नाहीत, म्हणून कोवळी पानं खायचं. मग लहान लहान होत शेवटी पानावर मणी होऊन बसलं. गप्प."

खिडकीतलं ऊन पलंगावर आलं होतं. खोलीभर ओल्या रंगांचा वास, आणि पडदा झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत होता. माझीच गोष्ट मला इतकी आवडली की डोळे जड झाले.

"आजोबा पण मणी झाले?" पिटुकलीने विचारलं.

आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. "हो गं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून हाक आली, "आजी, धाव! तुझ्या वयाची माणसं आलीत!"

माझ्या कुंडीतल्या लिंबावर सात अळ्या! हे झाड दाखवून दाखवून मी शेजारणीला आजारी पाडलंय! झटकायला गेले, तर पिटुकली आडवी. "म्हाताऱ्यांना हाकलतेस?"

खरं सांगावं तर आजी अडाणी ठरते. झाड वाचवावं की इज्जत? झाड गेलं!

आमच्याकडे वृद्धाश्रमच निघाला. सातही जण कोवळ्या फांद्यांसकट माझ्या शालीवर. सगळ्यांत जाड्या अळीचं नाव पडलं आजोबा. चार दिवसांत झाडाचा खराटा झाला. शेजारीण फवारा घेऊन धावत आली. "अहो, कीड लागलीय, कीड!"

"कीड कोणाला म्हणता, काकू?" पिटुकली कडाडली. "वडीलधारे आहेत! आजीला विचारा!"

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मान ताठ ठेवून मी म्हणाले, "आमच्याकडे म्हाताऱ्यांवर फवारा मारत नाहीत." तेव्हापासून ती माझ्याशी फार हळू आवाजात बोलते.

आणि सूनबाई? ती खोलीत बसून कागदावरच्या अळीचे पाय मोजत होती. बाहेर सासूच्या शालीवर खऱ्या अळ्या चरताहेत, याचा पत्ता नाही!

मला तर दुपारी स्वप्नं पडायला लागली. मी लहान होतेय, पांघरूण मोठं होतंय. शेवटी मी पानावरचा मणी झाले, आणि शेजारच्या पानावर दुसरा मणी घोरतोय. घोरणं ओळखीचं!

पाचव्या दिवशी आजोबा काही खाईनात. शालीच्या गोंड्याला चिकटले, अंगाभोवती रेशमाचा एक दोरा बांधून घेतला आणि त्यांचा कोश झाला. पिटुकली गोंधळली. "आजी, हे तर आधी होतं ना? आजोबा उलटे का निघाले?"

"स्वभाव!" मी म्हणाले. "जन्मभर कुणाचं ऐकलं नाही."

पुढे आठ-नऊ दिवसांनी सूनबाई शेवटची पानं घेऊन पलंगापाशी आली. शाल उचलणार, तोच कोश चिरला! आतून ओले, चुरगळलेले पंख आले आणि सावकाश उलगडत गेले, काळे-पिवळे. कुणी हललं नाही. फुलपाखरू बराच वेळ शालीवर बसलं, मग खिडकीतून उन्हात गेलं.

पिटुकली माझ्याकडे वळली. "म्हणजे ते म्हातारे नव्हते, मोठे होत होते. आजी, तू उलटं वाचलंस?"

सूनबाई बघत होती. आता पळणार कुठे?

"वाचलंच नाही गं. मला जोडाक्षरं येत नाहीत. चित्र बघून सांगितलं." एवढं बोलायला मला सत्तर वर्षं लागली!

पिटुकलीने गोलावर बोट ठेवलं आणि उलट्या बाजूने फिरवलं. "मग मण्याच्या पुढे पण आहे! आजोबा संपले नाहीत!"

मी रिकाम्या कोशावरून हळूच बोट फिरवलं.

"पण आई," सूनबाई हळूच म्हणाली, "कुठून कुठे जायचं ते दाखवायला बाण काढलेत की मी!"

"कुठे आहेत?"

"हे काय! गवताच्या पात्यांचेच बाण केलेत. छान दिसतात ना?"

मग मात्र मी पदर खोचला. "छान दिसतात! गाईला दाखव, ती खाईल! सूनबाई, चूक माझी नाही, तुझ्या गवताची आहे. तिथे एक, दोन, तीन, चार असे ठसठशीत आकडे घाल. आणि उद्या ते पान छापायला द्यायच्या आधी मला आणून दाखव. मला समजलं, तर जगात कुणालाही समजेल!"