चंदनकार्डाचा उपमा

एका जंगलात, बाळांनो, एक पेढी होती. जंगलात झाडं असतात, ओढा असतो, तिथे पेढी कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. ओढा उन्हाळ्यात आटतो आणि पेढी आटत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ही पेढी सगळ्या प्राण्यांना कार्डं द्यायची. दुकानात कार्ड दाखवायचं आणि सामान घ्यायचं. दुकानदाराला दाणे पेढी द्यायची. मग पौर्णिमेला आपण पेढीला दाणे द्यायचे. त्या जंगलात दाणे हेच चलन होतं आणि दाणे हेच अन्न. म्हणजे जो उधळ्या असेल तो उपाशीही राही. किती सोपं जंगल होतं बघा.

कार्डं दोन प्रकारची होती. एक पळसाच्या पानाचं. ते फुकट मिळायचं. शंभर दाण्यांची खरेदी केली की महिन्याच्या शेवटी दोन दाणे परत. बाकी काही नाही.

दुसरं होतं चंदनाच्या पातळ फळीचं. त्याला वास होता. त्याची वर्षाची फी पाचशे दाणे होती. त्यावर दाणे परत मिळत नसत, पॉइंट मिळत. शिवाय धबधब्याजवळच्या विश्रामकक्षात बसायला मिळे.

आता तुमच्या पाकिटात कोणतं आहे, ते मी विचारलेलं नाही. पाकीट आत ठेवा आणि गोष्ट ऐका.

पळसकार्ड होतं बनूमावशी नावाच्या चिचुंद्रीकडे. मावशी एकटी राहायची. लागेल तेवढंच घ्यायची. परत आलेले दोन दाणे ती वेगळ्या मडक्यात टाकायची. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन ती वाळवलेल्या कंदांच्या टोपल्या भरून ठेवायची. कारण वैशाखात त्या जंगलात खायला काहीही उगवत नसे. ज्याच्या घरात बेगमी, तो जगे.

शेजारी गणोजीराव साळिंदर राहायचे. घरात बायको येसू आणि दोन पिल्लं. गणोजीरावांकडेही आधी पळसकार्डच होतं. मग एके दिवशी ते कंद खणत असताना पेढीची मैना फांदीवर येऊन बसली.

"नमस्कार सर. पेढीतून बोलतेय. दोन मिनिटं वेळ आहे का?"

"मी खणतोय."

"अभिनंदन सर! खणणाऱ्यांमधून चंदनकार्डासाठी आपली निवड झाली आहे."

गणोजीरावांनी अंगावरची माती झटकली. आजवर त्यांची कुणी कशासाठीच निवड केली नव्हती.

"पण वर्षाचे पाचशे दाणे?"

"ते माफ होतात सर. वर्षात दहा हजारांची खरेदी केलीत की."

"माझी तर चार हजारांचीच होते."

मैनेने मान तिरकी करून त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "म्हणूनच सर. आपल्याला वाढायला केवढा वाव आहे!"

असं आजवर गणोजीरावांशी कुणी बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही. त्यांनी कार्ड घेतलं.

जंगलात दुकान एकच होतं, माकडाचं. बनूमावशीने पळसकार्ड पुढे केलं की माकड म्हणायचं, "सुटे नाहीत का?" गणोजीरावांनी चंदनकार्ड काढलं की ते स्टूल पुसायचं. "बसा ना साहेब. घाई कसली?" गणोजीराव बसायचे. बसलं की काहीतरी घ्यावंच लागतं. पिल्लांना गॉगल घेतले गेले. येसूला तीन कंगवे घेतले. साळिंदराच्या घरात कंगवा कशाला, असं येसूने विचारलं. "पॉइंट मिळतात," असं उत्तर मिळालं.

पण घरच्या खरेदीने दहा हजार कुठले व्हायला? तेव्हा गणोजीरावांना एक युक्ती सुचली. ती तुम्हालाही सुचलेली आहे, मला ठाऊक आहे.

त्या जंगलात दर अमावास्येला सगळ्यांचं रानभोजन असायचं. रीत अशी की जेवण झालं की ज्याने त्याने आपापले दाणे पानाशेजारी काढून ठेवायचे. या वेळी गणोजीराव उभे राहिले. "थांबा, थांबा. कुणी काढू नका. सगळ्यांचं मी माझ्या कार्डावर घेतो. तुम्ही मला सावकाश द्या."

सगळे थांबले. काढलेले दाणेसुद्धा त्यांनी परत खिशात घातले. रानडुकराने आणखी चार वाट्या खीर मागवली.

आठवडा गेला. पंधरवडा गेला. गणोजीराव रानडुकराकडे गेले आणि म्हणाले, "ते तेवढं भोजनाचं..."

"कसलं?" रानडुक्कर म्हणालं.

"एकशेऐंशी दाणे."

"पॉइंट कुणाला मिळाले?"

"मला."

"मग पॉइंटही तुम्हाला आणि दाणेही तुम्हालाच? असं कसं चालेल राव?"

गणोजीरावांना यात कुठेतरी चूक आहे असं वाटलं. पण ती सापडेपर्यंत पुढची अमावास्या आली आणि ते पुन्हा उभे राहिले.

मग विश्रामकक्षाची हौस. एका सकाळी गणोजीरावांनी बायकोपोरांना बरोबर घेतलं आणि दोन दिवस चालत धबधबा गाठला.

"बाबा, आपण कुठे चाललोय?" धाकट्या पिल्लाने विचारलं.

"विश्रामकक्षात."

"आणि तिथून?"

"तिथून घरी."

दारात पहारेकरी होता. तो म्हणाला, कक्ष फक्त प्रवाशांसाठी आहे, पलीकडच्या तीरावर जायचं तिकीट दाखवा. गणोजीरावांनी मगरीच्या पाठीवरून जायची चार तिकिटं काढली. साठ दाणे. आत रांग होती, कारण तोवर बऱ्याच जणांची निवड झाली होती. उभ्याउभ्या अर्धा दिवस गेला. मग उपमा मिळाला. तो गार होता आणि त्यात मोहरी जळालेली होती. तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून सगळे मगरीवर बसून पलीकडे गेले. तिथे काहीच नव्हतं, म्हणून परतीची तिकिटं काढून आले.

वाटेत येसू म्हणाली, "अहो, असला उपमा मी घरी दोन दाण्यांत करते."

"पण तो फुकट नसतो," गणोजीराव म्हणाले.

येसूने निघण्याआधी घरातली कोठी पाहिली होती. दर पौर्णिमेला पेढीचे दाणे चुकते करायला गणोजीराव कोठीत हात घालत होते. फाल्गुन लागला होता. वैशाख फार लांब नव्हता.

फाल्गुनातच वर्ष संपायचं होतं. मैनेने हिशोब आणला. नऊ हजार सहाशे झाले होते. अजून चारशेची खरेदी केली की फीचे पाचशे माफ. गणोजीराव धावत माकडाकडे गेले आणि चारशे दाण्यांची कापसाची गादी घेऊन आले.

"शंभर दाणे वाचवले!" त्यांनी येसूला सांगितलं आणि ऐटीत गादीवर पाठ टेकली. साळिंदर ते. गादीतला कापूस संध्याकाळपर्यंत जंगलभर उडत होता.

गादीचे दाणे चुकते झाले आणि मग वैशाख आला. येसूने कोठी उघडली. आत दोन सुकलेले कंद होते आणि एक मेलेला किडा. तिने कंद पिल्लांना दिले. थोरल्याने अर्धा खाल्ला आणि उरलेला गॉगलच्या डबीत लपवून ठेवला. ते पाहून येसूला रडूच फुटलं.

गणोजीराव छाती काढून पेढीवर गेले. त्यांच्याकडे पाच हजार पॉइंट होते.

"या पॉइंटांचे दाणे द्या."

"दाणे नाहीत सर," मैना म्हणाली. "दाण्यांचेच तर आपण पॉइंट केले. आता पुन्हा दाणे म्हणजे मागे जाण्यासारखं झालं." तिने यादी पुढे केली. प्रवासाची बॅग दहा हजार पॉइंट. बॅगेचं कुलूप सात हजार. अंगाला मालिश करून घ्यायचं कूपन, पाच हजार.

"यातलं खाण्याजोगं काय आहे?"

मैनेने यादी नीट वाचली. "कूपन पानाचं आहे सर."

गणोजीरावांनी कूपन घेतलं. मालिश करणाऱ्या अस्वलाने लांबूनच त्यांच्या काट्यांकडे पाहिलं आणि गुहेचं दार लावून घेतलं. गणोजीरावांनी कूपन घरी आणून पिल्लांना वाटून दिलं. ते कडू निघालं.

तिसऱ्या दिवशी पिल्लांनी खेळायचंही सोडलं. तेव्हा भर दुपारी येसू बनूमावशीच्या बिळापाशी जाऊन उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. अमावास्येच्या एकाही भोजनाला त्यांनी मावशीला आग्रहाने बोलावलं नव्हतं. तिचा वास येतो, म्हणून तिला टोकाला बसवत. काय मागायचं आणि कोणत्या तोंडाने, हे येसूला कळेना.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या पिल्लांकडे पाहिलं. ती आत गेली. तिच्याकडे पाच टोपल्या होत्या. तिने तीन बाहेर ढकलल्या आणि उरलेल्या दोनांत वैशाख कसा काढायचा याचा विचार करत दारातच बसली.

"मावशी, तुमचे उपकार..."

"असू दे गं. पोरांना आधी भिजवून दे, नाहीतर पोटात दुखेल."

गणोजीराव टोपल्या दारात उतरवून घेत होते, तेवढ्यात रानडुक्कर आलं. त्याचं पोट पाठीला लागलं होतं. मागून कोल्हे आले, माकड आलं.

"तीन टोपल्या! वैशाखात? कुठून आणल्यात हो?"

गणोजीरावांनी येसूकडे पाहिलं. येसूने मान खाली घातली. आता खरं सांगायचं म्हणजे चिचुंद्रीने खायला दिलं असं सांगायचं. चार जणांत! गणोजीरावांच्या अंगावरचे काटे हळूहळू उभे राहिले.

"पॉइंटांच्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीपुढे रांग लागली. ती आटलेल्या ओढ्यापर्यंत गेली होती. सगळ्यांना चंदनकार्ड हवं होतं. मैनेच्या घशाला कोरड पडली, तरी ती एकेकाचं अभिनंदन करत होती.

येसू कंद कोठीत ओतून रिकामी टोपली परत द्यायला निघाली होती. रांगेजवळून जाताना तिला ओळखीचा वास आला. तिने वळून पाहिलं. बनूमावशी पळसकार्ड हातात धरून उभी होती.

"मावशी! तुम्ही इथे?"

"हे परत करते. चंदनाचं घेते."

येसूने तिला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, पॉइंटांचं काही मिळत नाही. त्या तीन टोपल्या तुमच्याच होत्या!"

"मला सांगतेस? मीच भरल्या ना त्या."

"मग?"

"मला त्या भरायला सबंध वर्ष लागलं, येसू," मावशी शांतपणे म्हणाली. "तुम्हाला एका दुपारी मिळाल्या."

येसूने बोटांवर हिशोब करून पाहिला. तिला यात चूक सापडेना.

"पुढचे कोण?" मैनेने विचारलं, आणि मावशी पुढे सरकली.

तात्पर्य : कार्ड साधं घ्यावं की भारी, असा प्रश्न शहाण्याला पडत नाही. भारीच घ्यावं. फक्त शेजारी साध्या कार्डाचा आहे ना, याची आधी खात्री करावी. आणि तोही रांगेत उभा दिसला, तर वैशाखाच्या आत घर बदलावं.