ढब्बूचा गृहपाठ

मंडळी, ज्याने चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, त्याला जगातलं कुठलंही घर सांभाळता येतं! हे वाक्य मी आमच्या हिला विमानात तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तिने कानात कापूस घातला.

आता हे घर सांभाळणं म्हणजे काय, ते सांगतो. परदेशातली माणसं सुट्टीवर जातात. मागे त्यांचं घर, झाडं आणि कुत्रीमांजरं उरतात. आपण तिथे जाऊन राहायचं, झाडांना पाणी घालायचं, जनावरांना जेवू घालायचं. राहायला फुकट! आमच्यासारख्या पेन्शनीतल्या जोडप्याला परदेश बघायचा दुसरा मार्ग नाही.

पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण तीन महिन्यांवर आलेलं. ती आम्ही निघालो होतो त्याच देशात, दुसऱ्या गावी, एका खोलीत राहते. त्या खोलीत पाळणा आणला तर जावईबापूंना बाहेर उभं राहावं लागेल! तिच्या पलीकडच्याच गल्लीत एका बाईंचं घर नेमकं त्याच महिन्यात रिकामं होणार होतं. बाईंनी कळवलं होतं, "आधी एक घर सांभाळून दाखवा. तिथल्या मालकिणीचा अभिप्राय वाचून मग ठरवते."

तेव्हा हे पहिलं घर म्हणजे आमची परीक्षाच होती.

मालकीणबाई मातीची भांडी करायच्या. जाताना त्यांनी नऊ पानी सूचनावही ठेवली होती. कुठली खिडकी ओढून लावायची, कुठली ढकलून, सगळं त्यात होतं. आणि पान सातवर लिहिलं होतं, "कुत्रा कुणाचंही ऐकत नाही. शिकवण्यात वेळ घालवू नये."

हे वाक्य मला झोंबलं. 'ढ' विद्यार्थी नसतोच, घाई करणारा मास्तर असतो, हे मी चौतीस वर्षं सांगत आलोय! कुत्रा गुंडाळलेल्या गालिच्याएवढा, केसाळ आणि सुस्त. त्याचं खरं नाव आमच्या जिभेवर वळेना, म्हणून आम्ही त्याला ढब्बू म्हणू लागलो.

मी माझी चप्पल लांब ठेवली आणि म्हणालो, "ढब्बू, आण!"

ढब्बूने जांभई दिली.

"अहो, त्याला झोपू द्या की. वहीत लिहिलंय ना?" ही म्हणाली.

"वहीत लिहिलेलं सगळं खरं असतं, तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं नापास झाली असती!"

चार दिवस मी स्वतः रांगत जाऊन चप्पल तोंडात धरून दाखवली. हसू नका, प्रात्यक्षिकाशिवाय शिक्षण नाही! पाचव्या दिवशी ढब्बू उठला, डुलत गेला आणि चप्पल माझ्या पायाशी आणून टाकली. मी त्याला बिस्कीट दिलं आणि खोलीभर नाचलो.

गाडी रुळावर आली. रोज सकाळी ढब्बूला मागच्या बागेत सोडायचं, मग तासभर अभ्यास. माझा विद्यार्थी हुशार निघाला. किती हुशार, ते मला पुढच्या अकराव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी गल्लीतल्या खांबावर कागद लागला. 'जोडेचोर! सर्वांनी सायंकाळी पाच वाजता जमावे.' तिथली माणसं बागकाम करून मातीचे जोडे मागच्या पायरीवर काढून ठेवायची. तिथून रोज एक जोडा नाहीसा होत होता. एकच! जोडीतला दुसरा तसाच.

सभा जहाजावरच्या निवृत्त कप्तानांकडे भरली. सगळे एकदम बोलू लागले. गोंगाट म्हटला की माझ्यातला मास्तर जागा होतो. मी टाळी वाजवली, सगळ्यांना ओळीत बसवलं आणि कागदावर तक्ता आखला. कुणाचा जोडा, कुठल्या दिवशी. मग घसा खाकरून निष्कर्ष सांगितला.

"चोर एकेकच जोडा नेतो. याचा अर्थ उघड आहे. चोराला एकच जोडा लागतो!"

"म्हणजे?" कप्तान पुढे झुकले.

"म्हणजे त्याचा एक पाय कामाचा नाही!"

सगळ्या माना एकदम वळल्या. कोपऱ्यात गल्लीतले दंतवैद्य बसले होते. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर!

"अहो, माझाही जोडा गेलाय!" ते ओरडले.

"बनाव!" कप्तान म्हणाले.

मी घरी आलो तो छाती पुढे काढून. हिला सगळं रंगवून सांगितलं. ही ऐकता ऐकता पांढरी पडली.

"अहो, जोडे म्हणजे... तसले मातीचे?"

तिने जिन्याखालचं कपाट उघडलं. आत अकरा जोडे! धुतलेले, पुसलेले, पॉलिश केलेले, बक्षीस समारंभाला बसवल्यासारखे ओळीत.

"ढब्बू रोज सकाळी बागेतून एकेक आणून द्यायचा. मला वाटलं, मालकीणबाईंचेच."

"अगं, पण एकाचा जोड दुसऱ्याला नाही!"

"कलाकार बाई! घालत असतील दोन पायांत दोन तऱ्हेचे. आपण कोण विचारणार?"

"आणि तू त्याला काय द्यायचीस?"

"बिस्कीट. मुका जीव एवढं आणतो, त्याला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं?"

म्हणजे माझ्या शाळेत सकाळची पाळी हिने उघडली होती! कुंपणाखालच्या भोकातून ढब्बू गृहपाठ करून येत होता.

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मालकीणबाई परवा येणार. त्या अभिप्रायात चोर म्हणून लिहितील. मग पोरीजवळ कोण असणार हो?"

"मी आहे ना! उद्या सुट्टी. दुपारी सगळे जेवून झोपतात. मी गुपचूप एकेक जोडा ठेवून येतो."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून निघालो. ढब्बूला बांधायला हवं होतं, पण विद्यार्थ्याला बांधून ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पहिला जोडा कप्तानांच्या पायरीवर. दुसरा टपालवालीच्या. तिसरा ठेवताना सहज मागे पाहिलं, तर कप्तानांचा जोडा तोंडात धरून ढब्बू डुलत डुलत घराकडे निघालेला!

"ढब्बू, ठेव!"

'ठेव' मी शिकवलंच नव्हतं. तो धडा पुढचा होता.

मी पुढे वाटतोय, तो मागून गोळा करतोय! ही दारात त्याच्या तोंडातून एकेक जोडा घेऊन मला धावत परत आणून देतेय! तीन फेऱ्या झाल्या तरी पिशवी काही रिकामी होईना. तेवढ्यात खिडकीतून कप्तान गरजले, "मास्तर! तुम्ही?"

दारं उघडली. दंतवैद्य तर प्लास्टरसकट सगळ्यांत आधी पोचले. आणि त्याच क्षणी गल्लीत टॅक्सी थांबली. मालकीणबाई एक दिवस आधी आल्या होत्या!

मी वर्गात मुलांना सांगायचो, खरं बोललं की घशातला गोळा जातो. मी सगळं खरं सांगितलं. आणि दंतवैद्यांसमोर जाऊन म्हणालो, "पुरावा नसताना मी तुमच्याकडे बोट दाखवलं. चूक ढब्बूची नाही, माझी आहे. मला माफ करा."

दंतवैद्यांनी आपला जोडा पिशवीतून काढून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "जोडा मात्र चकाकतोय हं."

मालकीणबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. "हा... आणतो? सांगितलेलं ऐकतो? सहा वर्षांत माझं एकदा ऐकलं नाही त्याने! दाखवा बघू."

मी हळूच म्हणालो, "ढब्बू, आण."

ढब्बूने इकडेतिकडे पाहिलं, तो कप्तानांकडे गेला आणि त्यांच्या पायातला जोडा ओढून घेऊन आला. गल्ली हसून लोळली. कप्तानही हसले, पण एका पायावर.

त्या संध्याकाळी बाईंनी अभिप्राय लिहिला. काही लपवलं नाही. 'घर मी सोडलं त्याहून स्वच्छ मिळालं. गल्लीभर जोड्यांना पॉलिश झालं. बाई प्रेमळ आहेत. गृहस्थ प्रामाणिक आहेत, पण समोर येईल त्याला शिकवतात.'

पुढचे तीन दिवस हिने देव पाण्यात ठेवले होते. चौथ्या दिवशी लेकीच्या गावच्या बाईंचं उत्तर आलं. हिने ते मोठ्याने वाचलं.

'अभिप्राय वाचला. घर तुम्हाला दिलं. मुलीजवळ निवांत राहा. घरात एक कासव आहे. कृपा करून त्याला काहीही शिकवू नका.'

हिने तिथल्या तिथे माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलंही. आता तुम्हाला म्हणून सांगतो, शिकवणार नाहीच. फक्त पहिल्या दिवशी हजेरी घेईन. हजेरी म्हणजे काही शिकवणं नव्हे!