रादोयकोने घेतलेला आभाळाचा ठेका

"तंबूवाल्याला नको म्हणून कळवून टाक," रादोयको वितोमिरला म्हणाला. "तीनशे माणसं बोलाव आणि खुशाल उघड्या कुरणात बसव. वरचं मी बघतो."

गावातल्या काफानात, म्हणजे गुत्त्यात, तेव्हा आठ-दहा माणसं राकियाची दारू घेत बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. वितोमिरच्या मुलीचं लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी होतं, आणि सर्बियाच्या त्या डोंगराळ भागात जूनच्या आभाळाची हमी शहाणा माणूस देत नाही. पण रादोयकोची गोष्ट वेगळी होती. गावामागच्या टेकडीवर गारांचे ढग फोडायला रॉकेटं सोडण्याचं ठाणं आहे. अकरा वर्षं ते त्याच्या ताब्यात होतं.

आता त्या कामात काय होतं, तेही सांगायला हवं. दूरच्या रडार केंद्रातून स्लाविंका नावाची बाई वायरलेसवर दिशेचा आणि उंचीचा आकडा सांगायची. रादोयको चाक फिरवून नळ्या त्या आकड्यांवर आणायचा, सांगितली तेवढी रॉकेटं सोडायचा, आणि "ठाणं बेचाळीस, काम झालं" असं कळवून घरी जेवायला जायचा. ढगात काय आहे, तो कुठे निघालाय, रॉकेटातल्या औषधाने त्याचं पुढे काय होतं, हे त्याला एखाद्या पोस्टमनला पाकिटातला मजकूर माहीत असावा तितकंच माहीत होतं.

पण गावाने त्याला हे कधी विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. आदल्या वर्षी शेजारच्या गावाला गारांनी झोडपलं आणि यांच्या रासबेरीच्या एका पानालाही धक्का लागला नाही, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. "कसं काय वळवलंस रे?" असं कुणीतरी विचारलं. रादोयकोने नुसता हात हलवला, जणू माशी वारावी तसा. त्या हात हलवण्यातून पुढचं सगळं सुरू झालं. मग बायका कपडे वाळत घालण्याआधी त्याला विचारू लागल्या. पेर्सिदा आजीच्या मुलाने ऑस्ट्रियाहून रासबेरीवर टाकायला गारांची जाळी पाठवली होती. "आपला रादोयको असताना ती कशाला?" म्हणून आजीने ती कोंबड्यांच्या अंगणावर ताणली. जाता-येता रादोयकोला ती जाळी दिसायची. तो आजीला हसून नमस्कार करायचा. तेव्हा जरा थांबून चार शब्द बोललो असतो, तर काय बिघडलं असतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं.

असो. वितोमिरने तंबू रद्द केला, आणि लग्नाच्या दिवशी आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं निळं होतं. रादोयकोने त्यासाठी काडीही हलवली नव्हती. तरी त्याला मानाच्या टेबलावर, लग्नातल्या मुख्य साक्षीदाराच्या, म्हणजे कूमच्या शेजारी बसवलं. भाजलेल्या कोकराचा चांगला तुकडा आधी त्याच्या ताटात पडला. वितोमिरने सगळ्यांसमोर त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिसऱ्या पेल्यानंतर रादोयकोला स्वतःलाही वाटू लागलं, की यात आपला थोडाफार हात असावा.

"पुढच्या आठवड्यात पाऊस पडला तर बरं होईल," घरी जाताना त्याची बायको मिलुंका म्हणाली. "नाहीतर हे लोक तुझ्याकडेच येतील."

तिचं त्याने मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार आठवडे आभाळ तसंच निळं राहिलं. रासबेरी पिकायच्या आधीच काडीवर सुकून मनुक्यांसारखी व्हायला लागली. लोक रस्त्यात भेटले की आधी वर बघायचे आणि मग रादोयकोकडे.

पहिली आली पेर्सिदा आजी. दारात उभी राहून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाळा, वितोमिरकडचं लग्न झालं. आता सोड की."

"काय सोडू, आजी?"

"पाऊस. बांधून ठेवलायस तो. जरा जास्तच घट्ट बसला वाटतं."

"मी काही बांधलं नाही. या वर्षी एकही रॉकेट सोडलेलं नाही. पेट्यांची सीलसुद्धा तशीच आहेत."

"मग लग्नाच्या दिवशी कोरडं कसं राहिलं?"

खरं उत्तर 'आपोआप' असं होतं, आणि ते रादोयकोच्या तोंडातून निघेना.

शेवटी काफानात त्याला घेरलंच. वितोमिरसकट वीसेक माणसं होती. रादोयकोने टोपी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. स्लाविंका आकडे सांगते, मी चाक फिरवतो. रॉकेटं गारांसाठी असतात. त्यांनी पाऊस थांबत नाही आणि येतही नाही. लग्नाच्या दिवशी ऊन पडलं, ते पडायचंच होतं.

वितोमिरने आपला पेला बाजूला सारला. "म्हणजे तू मला फसवलंस. आणि मी तुला कूमशेजारी बसवला."

"फसवलं असं नाही..."

"मग पाऊस तूच अडवलास?"

"नाही रे बाबा."

"दोन्हीतलं एक काहीतरी असेल ना."

गावाने त्यावर चर्चा केली आणि दोन्ही खरं आहे असं ठरवलं. तो खोटारडाही आहे आणि पाऊसही त्यानेच पळवला. त्रेसष्ट सह्यांचा कागद तयार झाला, की पाऊस पडेपर्यंत टेकडीवरून एकही रॉकेट उडता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी वितोमिरने आपला ट्रॅक्टर ठाण्याच्या फाटकाला चिकटवून लावला, फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"स्लाविंकाबाईंना कळव," मिलुंका म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"कळवतो."

पण त्याने कळवलं नाही. वायरलेस घरीच होता, हात लांबवला की पुरत होता. स्लाविंकाला त्याने कधी बघितलं नव्हतं. सिगारेटने घोगरा झालेला तिचा आवाज तेवढा ओळखीचा होता. "बेचाळीसची मला काळजी नसते," असं ती एकदा म्हणाली होती. तिला काय सांगायचं? की मी गावात ढगांचा मालक म्हणून मिरवलो, आणि आता गावाने मला कुलूप लावलंय? रोज सकाळी ती विचारायची, "ठाणं बेचाळीस, तयार?" आणि रोज तो म्हणायचा, "तयार." सहा दिवस.

सातव्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून ढग आला. काळा, आणि कडेला हिरवट. गावात सणासारखा आनंद झाला. बायकांनी अंगणात बादल्या मांडल्या. पेर्सिदा आजीने क्रूसाची खूण केली. रादोयकोच्या घरात वायरलेस खरखरला.

"ठाणं बेचाळीस. दिशा दोनशे चाळीस, उंची पासष्ट, सहा रॉकेटं. तुमच्या आभाळातली विमानं बाजूला काढलीत, तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत."

रादोयको पळत सुटला. वितोमिर घरासमोर टोपी काढून, चेहरा वर करून उभा होता.

"किल्ली दे."

"महिन्याने पाऊस येतोय आणि तुला त्याच्यावर रॉकेटं सोडायचीत?"

"त्यात गारा आहेत, वितोमिर."

"कुणी सांगितलं?"

"रडारने."

"लग्नाच्या वेळी तर 'वरचं मी बघतो' म्हणत होतास."

रादोयको नुसता हात पुढे करून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्या माणसासारखा दिसत असावा. कारण वितोमिरने एकदा ढगाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग त्याचा चेहरा पडला.

"कालच्या पँटमध्ये राहिली," तो म्हणाला.

कालची पँट दोरीवर वाळत होती. खिसे रिकामे होते. वितोमिरच्या बायकोने धुण्याआधी ते तपासले होते आणि किल्ली जागच्या जागी, म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्यांच्या डब्यात टाकली होती. डब्यात चाळीसेक किल्ल्या होत्या. दोघं जमिनीवर गुडघे टेकून एकेक किल्ली बघत होते, तेवढ्यात पत्र्यावर पहिला ठोका पडला. मग दुसरा. मग मोजण्यासारखं काही उरलं नाही.

वितोमिर हातात एक किल्ली घेऊन तसाच बसून राहिला. "हीच असावी," तो म्हणाला. रादोयकोने ती घेतली, पण उठला नाही.

अकरा मिनिटं गारा पडल्या. अक्रोडाएवढ्या. थांबल्या तेव्हा रासबेरीच्या ओळींत नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि खाली पानांचा लगदा होता. वितोमिरची बाग गेली, रादोयकोची स्वतःचीही गेली. बादल्या तेवढ्या भरल्या होत्या, बर्फाने. पेर्सिदा आजीच्या बागेत एक फळ उरलं नाही. कोंबड्या मात्र सगळ्या धडधाकट होत्या. जाळीखाली कोरड्या जागेत त्या दाणे टिपत होत्या. रादोयको तिथून गेला, तेव्हा त्याला त्यांच्याकडे बघवेना.

घरी वायरलेसवर स्लाविंका बोलावत होती. "ठाणं बेचाळीस, किती सोडलीत?"

"एकही नाही."

"कारण?"

अकरा वर्षांचं सगळं एका शब्दात कसं बसवायचं?

"ट्रॅक्टर," तो म्हणाला.

मग मात्र त्याने सगळं सांगितलं. काफाना, लग्न, कागद, रोज खोटं म्हटलेलं 'तयार'.

"सोडली असतीत तरी गारा थांबल्या असत्या का, मला सांगता येणार नाही," स्लाविंका म्हणाली. "खरं तर कुणालाच सांगता येत नाही. पण गावाला आधी सावध करता आलं असतं. तुम्ही मला सांगायला हवं होतं, रादोयको."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमल्यासारखी वाटली. मिलुंका शेजारी उभी होती. ती झाडू उचलून अंगणातल्या गारा लोटायला गेली, आणि ते त्याला जास्त लागलं.

तीन दिवसांनी वितोमिर कुंपणापाशी आला. ट्रॅक्टर त्याने काढला होता. दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही. कुठून सुरुवात करायची हेच दोघांना कळत नव्हतं. वितोमिर जमिनीकडे बघत म्हणाला, "गवत कापून वाळत टाकलंय. तेवढंच उरलंय आता. रविवारी पाऊस आहे का रे?"

रादोयकोने वर बघितलं. हात वर जाऊ लागला होता, तो त्याने खिशात घातला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला कधीच माहीत नव्हतं, वितोमिर. रेडिओवर अंदाज सांगतात, तो ऐक."

वितोमिरने मान हलवली आणि तो निघून गेला. रादोयकोला वाटलं, उशिरा का होईना, एक काम तरी नीट झालं.

संध्याकाळी पेर्सिदा आजी एप्रनखाली काहीतरी झाकून आली. मातीच्या वाडग्यात ताज्या सायीचा कायमाक होता, वरपर्यंत भरलेला.

"वितोमिर म्हणत होता, तू अजून रुसलायस," ती म्हणाली. "चूक आमचीही झाली, बाळा. एवढा राग धरू नये. माझंसुद्धा गवत बाहेरच पडलंय."

"आजी, मी रुसलेलो नाही. मला खरंच..."

"असू दे, असू दे," आजीने त्याच्या गालाला हात लावला. "फक्त रविवारपर्यंत बघ."