पेट्यांना थंडी लागते

गोंदियात थंडी पडली की लोक दुलया काढतात आणि स्वतः पांघरतात. आमचे धनलालभाऊ त्या हार्मोनियमना पांघरवतात. दुकानात ओळीनं पेट्या निजलेल्या, प्रत्येकीच्या अंगावर वहिनींच्या हातची वाकळ, आणि हे कानटोपी घालून, हात चोळत त्यांच्यामध्ये बसलेले. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपण चुकून दवाखान्यात शिरलो.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडचं काही ऐकायला मला उठावं लागत नाही. भाऊंचा धंदा जुन्या वाद्यांचा. कुणाच्या माळ्यावरची पेटी, कुणा बँडवाल्यानं टाकलेलं क्लॅरिनेट, असलं काहीबाही विकत घ्यायचं, जीव ओतून दुरुस्त करायचं आणि मग विकायचं नाही. कोणी मागितलंच तर उलटतपासणी सुरू. "घरी चूल कोणत्या अंगाले हाये? धूर लागते काय? उंदीर?" एका गुरुजींनी सगळी उत्तरं मुलगी पाहायला आल्यासारखी नम्रपणे दिली. तरी भाऊ "पाहू" म्हणाले. हिवाळ्यात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, गावोगाव नाटकं होतात, तेव्हा नाटकवाल्यांना मात्र हंगामापुरती पेटी मिळायची.

"जुनी हाये, पन खोटी नाही," हे त्यांचं पालुपद. पेटीबद्दल म्हणत, सायकलबद्दल म्हणत. एकदा स्वतःच्या कवळीबद्दलही म्हणाले, तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

यंदा दिवाळी सरली आणि भाऊंनी जाहीर केलं, "पेट्याइचा आवाज बसला. थंडी बाधली." एका वाकळीच्या दोन झाल्या. मग पेट्या ओट्यावर उन्हात आल्या. त्यानंही भागेना, तेव्हा त्यांनी नाटकवाल्यांची पेटी उघडली, भात्याची स्प्रिंग कडक केली, आवाज दाबणारा आतला पडदा काढून टाकला आणि म्हणाले, "आता बोलते."

ती सौंदडच्या मंडईत अशी बोलली की नाटकातल्या राजाचं मरण कोणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवाले मास्तर दुखरा खांदा धरून दुकानात हजर.

"काय करून ठेवलं जी भाऊ? आमचा राजा तीनदा मेला, तरी पब्लिक म्हणे, जोरात मर!"

"राजाचाच आवाज बसला असन," भाऊ शांतपणे म्हणाले.

मला तेव्हा शंका आली. मी "चहा घेता का?" विचारलं की ते "वह्या संपल्या का?" म्हणायचे. दिवसा दुकानात बसल्याबसल्या डुलक्या घ्यायचे, डोळे लाल. तिरोड्याहून त्यांची लेक नीतू आली, तिनं दोन दिवसांत निदान केलं. "बाबा, तुमाले ऐकू येऊन नाही राहिलं."

"तुमीच सारे हळू बोलून राहिले. थंडीनं."

"काका, तुमी चला संगं," ती मला म्हणाली. "ते तुमचं ऐकतात." माझं ऐकतात ही तिची समजूत, ऐकण्याचाच तर घोळ होता.

असे आम्ही चौघं कानाच्या डॉक्टरकडं जायला ऑटोत बसलो. वहिनींना हिवाळ्यात दम्याचा त्रास, तरी त्या हट्टानं आल्या. वाटेत भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. "बहिरा निघालो तं?" मी "काही नाही होत" म्हणालो खरा, पण पेटी जुळवणारा माणूस बहिरा झाला तर त्यानं दिवसभर करायचं काय?

डॉक्टरांनी कानात उजेड पाडला, "अरे देवा" म्हणाले आणि चिमट्यानं एक तेलकट गोळा बाहेर काढला. मग त्याच्यामागून दुसरा. थंडीत कानात तेलाचा बोळा घालायची आमच्याकडं रीतच आहे. भाऊंनी मागच्या हिवाळ्यातला न काढताच त्यावर यंदाचा चढवला होता. दुसऱ्या कानातही तोच प्रकार, वर मळाचं लिंपण.

"आता ऐकू येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"येते ना! वरडता कायले?"

आम्ही पोट धरून हसलो. नीतूच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ मात्र हसले नाहीत. ते उठले, वहिनींच्या मागं गेले, वाकले आणि त्यांच्या पाठीला कान लावून उभे राहिले.

"काय जी हे? लोकं पाहून राहिले," वहिनी लाजून म्हणाल्या.

"पाहू दे. चूप राय जरा."

बराच वेळ ते तसेच होते. मग खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत म्हणाले, "पेट्याइचं मले काही नव्हतं, बापा. हिचा श्वास आयकू येऊन नव्हता राहिला. थंडीत अटकते तिचा. इतकी वर्षं तो आयकतच झोपलो मी. दिवाळीपासून काहीच येईना, तं पाठीवर हात ठेवून बसून राहत होतो. हात लागते, पन हाताचा भरोसा वाटत नाही."

"मले सांगाचं तं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी समजली, याइले झोप लागत नाही. म्हणून मी हालतही नव्हती. म्हणलं, पाठीवरचा हात सरकला तं पुन्हा बेचैन होतील."

म्हणजे दोघंही जागेच. एकमेकांना बरं वाटावं म्हणून! मला इतकं हायसं वाटलं की मी डॉक्टरांचे दोनदा आभार मानले.

परत आल्यावर भाऊंनी दुकान उघडलं, पेट्यांमधल्या चटईवर जरा आडवा होतो म्हणाले आणि आत गेले. दुपार टळली तरी उठले नाहीत. वहिनी ओट्यावर उन्हात बसून होत्या. पेटीवाले मास्तर पेटी परत द्यायला आले, त्यांना वहिनींनी दारातच हातानं थोपवलं. "उद्या या जी. झोपले हायत."

आतून भिंतीपार येईल असं घोरणं चाललं होतं. मी चहा घेऊन गेलो, तर वहिनींनी कप बाजूला ठेवायची खूण केली. त्या कान देऊन ऐकत बसल्या होत्या.